डोळ्यांवर चष्मा, बिलात नवी ओळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातात एका खासगी दवाखान्याचं बिल पडलं. गर्भपिशवीची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, ११,५०० रुपये. आतला तुकडा लॅबमध्ये तपासण्याचे १,८००. सलाइन, हातमोजे, नळ्या मिळून १,३५०. त्याखालची ओळ मी तोवर कुठल्याच बिलात पाहिली नव्हती: 'व्हीआर कम्फर्ट सेशन, १,५००', आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७०. एकूण १६,४२०. सुन्न करणाऱ्या इंजेक्शनची ओळ मी दोनदा शोधली. ती नव्हती, कारण ते इंजेक्शन मला दिलंच नव्हतं.

हे आकडे बाजारभाव म्हणून धरू नका. गावागणिक, दवाखान्यागणिक ते बदलतात. पण दुखू नये म्हणून काय काय करता येतं, त्यातल्या कशाला किती पैसे पडतात आणि कुठली गोष्ट आधी मागून घ्यायची, हे बायकांच्या या तपासण्यांत कोणी नीट सांगत नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे, जरा सहन करा,' एवढ्यावर बोलणं संपतं. तांबी बसवताना, पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेताना, अंगावरून जास्त जातंय म्हणून दुर्बीण घालताना, सगळीकडे तेच. आता काही ठिकाणी या वाक्याच्या जोडीला व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, चष्मा आला आहे. तो उपयोगाचा आहे का, आणि त्याचे किती पैसे देणं रास्त आहे, हे बघू.

चष्मा घातल्यावर काय होतं

मला आत नेल्यावर सिस्टरने आधी केसांचा क्लचर काढायला लावला. चष्म्याचा पट्टा डोक्यामागून जातो आणि आपण पाठीवर झोपलेलो असतो, त्यामुळे क्लचर किंवा घट्ट अंबाडा थेट टोचतो. मग टिकली काढली, कारण चष्म्याची फोमची कड नेमकी तिथेच टेकते. चेहऱ्यावर पातळ कागदी मास्क लावला, वर चष्मा चढवला, कानात आवाज सुरू झाला. निळं पाणी, वरून झिरपणारा उजेड, बाजूने सावकाश जाणारं एक कासव, आणि इंग्रजीत 'श्वास घ्या, श्वास सोडा' सांगणारी कोणी बाई.

पहिली तीन-चार मिनिटं खरोखर बरी गेली. आत थंड सलाइन जातंय हे कळत होतं, पाळीसारखी कळ ओटीपोटात येत होती, पण माझं लक्ष कासवाकडे होतं. मग डॉक्टरांनी तुकडा ओढला. त्या क्षणी पाणी, उजेड, कासव सगळं नाहीसं झालं आणि फक्त कळ उरली. पाय आपोआप आखडले. सिस्टरने माझा हात धरला आणि म्हणाली, 'ताई, झालंच बघा, सोडा श्वास.' त्या मराठी वाक्याने मला कासवापेक्षा जास्त धीर दिला. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत या बोलण्याला 'व्होकल लोकल' असं नावच आहे, म्हणजे बोलण्याची भूल. तिथे हे कामाचा भाग मानून करतात.

चष्म्यामागचा विचार पोकळ नाही. दुखणं जाणवायला लक्ष लागतं, आणि माणसाचं लक्ष मोजकंच असतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतल्या एका 'फाटका'तून जातो आणि वरून, मेंदूकडूनही ते फाटक लोटता येतं. १९९६ पासून अमेरिकेत सिअॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी याच विचाराने व्हीआर वापरलं. जखमेवरचं ड्रेसिंग बदलताना रुग्णाला 'स्नोवर्ल्ड' नावाच्या बर्फाच्या खेळात पाठवायचं, तिथे त्याने पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकायचे. ड्रेसिंगच्या वेदना त्यांना कमी जाणवल्या. स्त्रीरोगाच्या ओपीडीत हा चष्मा आला तो पुष्कळ नंतर.

आपल्या कामाची चाचणी ब्रिटनमधली आहे, २०२१ साली 'बीजेओजी' या नियतकालिकात आलेली. भूल न देता हिस्टेरोस्कोपी करून घेणाऱ्या ४० बायका, त्यांतल्या निम्म्यांना चष्मा. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर चष्मा नसलेल्यांनी दुखण्याला सरासरी ६ गुण दिले, चष्मा घातलेल्यांनी ३.७. घाबरल्याचे गुणही ५.४५ वरून ३.३ वर आले. हा फरक लहान नाही. पण ४० बायका म्हणजे थोड्याच, आणि चष्मा घातलाय की नाही हे प्रत्येकीला ठाऊकच असतं, त्यामुळे मनाचा भाग वेगळा काढता येत नाही. शिवाय इस्रायलमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत चष्म्याने दुखण्यात फरक पडला नाही. थोडक्यात, काहींना आधार होतो, काहींना नाही, आणि धोका जवळजवळ नाही. या दर्जाच्या गोष्टीला या दर्जाचेच पैसे द्यावेत.

एक जाहिरातीतली गोष्ट इथेच सांगते. 'अमेरिकेच्या एफडीएची मान्यता असलेलं व्हीआर' असं कुठे वाचलंत तर विचारा, मान्यता कशासाठी? एफडीएने नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या व्हीआर उपचाराला वाट मोकळी करून दिली तो जुनाट कंबरदुखीसाठी आहे, घरी आठ आठवडे रोज करायचा. पिशवीच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही.

१,५०० रुपये कशाचे?

हा हिशोब मी बिल हातात आल्यावर घरी मांडला, तसाच देते. बहुतेक दवाखान्यांत दिसणारे चष्मे मूळचे खेळासाठी बनलेले असतात. त्यांतला मेटा क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला बाजारात आला. इकडे येईपर्यंत आयातकर, विकणाऱ्याचा नफा धरून तो ४५,००० ला पडला असं समजू. दोन वर्षं टिकला आणि आठवड्याला सहा बायकांनी वापरला, तर वर्षाला ३००, दोन वर्षांत ६०० वापर. म्हणजे एकीमागे ७५ रुपये. कागदी मास्क आणि पुसायचे वाइप्स यांचे २५ धरा. दवाखान्याने एखाद्या कंपनीचा वर्गणीवाला कार्यक्रम घेतला असेल, समजा वर्षाला ६०,००० चा, तर त्याचे २००. बेरीज ३०० रुपये.

छोट्या दवाखान्यात आठवड्याला दोनच बायका आल्या तर हाच हिशोब ८५० वर जातो, हेही खरं. म्हणून माझं मत असं, की ५०० रुपयांपर्यंत खुशाल द्यावेत. हजाराच्या आसपास असेल तर कशाचे ते विचारावं. त्याच्या वर असेल तर नको म्हणावं, आणि ते म्हणताना संकोच वाटू देऊ नये. चष्मा ऐच्छिक आहे. तो नाकारला म्हणून तपासणीचा दर्जा बदलत नाही.

जीएसटीचं तर स्पष्ट आहे. दवाखान्याने दिलेली उपचाराची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, आणि तपासणी चालू असताना दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेली गोष्ट त्या सेवेचाच भाग आहे. मी बिलाच्या खिडकीवर एवढंच विचारलं, 'माझ्या तपासणीवर जीएसटी नाही, मग तिच्या एका तुकड्यावर कसा?' आतल्या मुलाने कोणालातरी फोन केला आणि २७० रुपये परत दिले. १,५०० मात्र राहिले, कारण आत जाताना मी ज्या कागदावर सही केली त्यात ती ओळ होती. मी वाचली नव्हती.

आधी हे मागा, मग चष्मा

या लेखातलं मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथे आहे. चष्मा लक्ष दुसरीकडे नेतो, मज्जातंतू सुन्न करत नाही. ज्या गोष्टी खरोखर दुखणं अडवतात त्या चष्म्यापेक्षा स्वस्त आहेत, आणि त्या न देता चष्मा देणं हा उलटा क्रम आहे.

पहिली गोष्ट गोळी. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हिस्टेरोस्कोपीच्या साधारण तासभर आधी आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी घ्यावी. खर्च चहाच्या कपाइतका. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ही सूचना आदल्या दिवशी फोनवर मिळायला हवी, कारण टेबलावर पोचल्यावर ती उपयोगाची राहत नाही. मला ती मिळाली नव्हती.

दुसरी गोष्ट लिग्नोकेन, दात काढताना देतात तेच सुन्न करणारं औषध. पिशवीच्या तोंडाभोवती त्याचं इंजेक्शन देता येतं. टोचताना चुरचुरतं, पण नंतर तोंड रुंद करताना, तुकडा घेताना होणारी कळ कमी होते. हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि ३० मिलिलिटरची अख्खी बाटली शंभर रुपयांच्या आत येते. तांबी बसवतानाही त्याचा उपयोग होऊ शकतो, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सूचनांत घातलं. मे २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही डॉक्टरांना सांगितलं, की दवाखान्यातच होणाऱ्या अशा तपासण्यांआधी दुखण्याबद्दल बोला आणि पर्याय द्या. लेक किंवा सून अमेरिकेत असेल तर तिला हे कळवून ठेवा.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, पद्धतीची आहे. पूर्वी आधी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, घालायचं, मग चिमट्याने पिशवीचं तोंड धरायचं, मग दुर्बीण आत. आता साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक दुर्बीण, स्पेक्युलम आणि चिमटा न लावता, पाण्याच्या धारेने वाट करत आत नेता येते. वॅजिनोस्कोपी म्हणतात याला. त्याने दुखणं कमी होतं हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. 'तुमच्याकडे बारीक दुर्बीण आहे का आणि वॅजिनोस्कोपीने करता का?' हा प्रश्न चष्म्याच्या प्रश्नापेक्षा दहापट मोलाचा.

आणि भूल. पाळी बंद झालेल्या, कधीच बाळंत न झालेल्या, पाळीत फार दुखणाऱ्या किंवा आधीच्या तपासणीचा धसका घेतलेल्या बाईला ओपीडीत जास्त त्रास होण्याची शक्यता असते. तिने सरळ 'मला झोपवून करा' म्हणावं. मग भूलतज्ज्ञाची फी, रक्ततपासण्या, ईसीजी, ऑपरेशन थिएटर, काही तासांचं बेड आणि सोबतच्या माणसाची रजा हे सगळं वाढतं. मला दोन्हींचे अंदाज दिले होते, आणि झोपवून करण्याचा आकडा दुपटीहून जास्त होता. तो परवडत नाही म्हणून ओपीडीत करणं समजण्यासारखं आहे. पण मग ओपीडीत जे स्वस्तात मिळतं ते सगळं मिळालं पाहिजे.

विमा आणि सरकारी दवाखाना

विम्याच्या भरवशावर जाऊ नका. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे 'डे केअर' म्हणजे तांत्रिक प्रगतीमुळे २४ तासांच्या आत, भूल किंवा स्थानिक भूल देऊन केलेला उपचार. एरवी ओपीडीत होणारं त्यात येत नाही. त्यामुळे तीच हिस्टेरोस्कोपी थिएटरमध्ये भूल देऊन केली तर दावा मंजूर होऊ शकतो आणि ओपीडीत केली तर नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीत ओपीडीचं वेगळं कव्हर नसेल तर. टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीला, आधी लेखी विचारा. नियामकाने ज्या १२ आधुनिक उपचारांना कव्हर द्यायला सांगितलं आहे त्यांत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, व्हीआर नाही. चष्म्याचे पैसे खिशातलेच धरा.

सरकारी दवाखान्याचा विचार जरूर करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तांबी तर सरकारी केंद्रांत आधीपासूनच मोफत बसवतात. तिथे चष्म्याची अपेक्षा नको, पण लिग्नोकेन तिथेही असतं. मागितलं पाहिजे, एवढंच.

फोनवर काय विचारायचं

तारीख ठरवायच्या आधी फोन करा आणि उत्तरं कागदावर उतरवून घ्या. तपासणीच्या रकमेत तुकड्याची लॅब-फी धरली आहे का? सुन्न करणारं इंजेक्शन देता का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? मध्येच असह्य झालं तर थांबवता का, आणि थांबवून नंतर भूल देऊन केलं तर पूर्ण रक्कम पुन्हा पडते का? शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण मोठे पैसे तिथेच जातात. चष्मा असेल तर विचारा: पैसे किती, नाकारता येतो का, मास्क दर वेळी नवा असतो का, मराठीत आवाज आहे का किंवा नुसतं संगीत लावता येतं का.

महाराष्ट्रात २०२१ साली सुधारलेल्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं असतं. खर्चाचा अंदाज आणि तपशीलवार बिल मागणं हा त्या सनदेतला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एक बाई असणं, हाही. बिलाबद्दल दवाखान्यात दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलेलं आहे.

चष्मा घ्यायचा ठरवलात तर थोडं आणखी. फिट येत असतील, चक्कर-भोवळीचा आजार असेल, बंद लिफ्टमध्ये जीव घुसमटत असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर चष्मा नको. गाडी लागणाऱ्यांनी हलतं दृश्य टाळावं, स्थिर समुद्र किंवा जंगल मागावं. झोपून बघण्यासाठी दृश्य आधी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर डोळ्यांसमोर नुसतं आभाळ राहतं. हातवारे करायला लावणारा खेळ घेऊ नका, त्यात कंबर हलते. आवाज एवढाच ठेवा की डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल. 'थांबा' म्हणण्याची खूण आधी ठरवून ठेवा. हात वर केला की थांबायचं, हे मी ठरवलं नव्हतं. आणि पडद्यावर आपल्या पिशवीत काय दिसतंय ते बघायची इच्छा असेल, ती अनेकींना असते, तर चष्मा ती संधी घेऊन जातो.

चष्मा नसेल तर मोबाइल आणि इयरफोन न्या. फुकट आहे, आणि आवाज आपल्या ओळखीचा असतो.

माझी जाऊ सोलापूरला असते. पाळी बंद होऊन चार वर्षांनी तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागलं आणि दिवाळीनंतर तिलाही हीच तपासणी सांगितली. तिने दवाखान्यात फोन करून वरचे प्रश्न वाचून दाखवले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टरांना विचारून सांगते. संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला. इंजेक्शन देतो म्हणाले, बारीक दुर्बीण आहे म्हणाले, चष्मा-बिष्मा नाही म्हणाले. तपासणीच्या दिवशी तिने न्याहारी केली, तासभर आधी गोळी घेतली, कानात तिच्या आवडीची भजनं लावली. मी उशाशी उभी होते. इंजेक्शनच्या वेळी तिने माझं मनगट घट्ट धरलं, तुकडा घेताना मात्र तिची पकड तेवढी आवळली नाही. बिलात लिग्नोकेन 'औषधं' या ओळीत होतं, सुई आणि कापसासकट ८० रुपये. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधा पॉलिप होता.